एक वीत, चार बोटं

मित्रांनो, हल्ली आधी माझी कुरकुर ऐकू येते आणि मग मी दिसते. त्यावरून माझं वय तुम्ही ओळखलंच असेल. मी डोंगरवाटांवर चालणारी एक जुनी सायकल आहे. रंग हिरवा आहे, म्हणजे जिथे टिकला आहे तिथे हिरवा. जन्मापासून मला एक खोड आहे. दिसेल त्या गोष्टीबद्दल मला कुतूहल वाटतं. विचारायला तोंड नाही, म्हणून मी नुसती बघत राहते आणि बघून बघून पुष्कळ काही शिकते.

माझा जन्म उत्तरेकडच्या डोंगरातल्या एका गावी झाला. त्या गावात पूर्वी बंदुका बनत. मला घडवणारा कामगार म्हणायचा, "आजोबांनी नळीतून गोळ्या सोडल्या, मी नळीत वारा सोडतो." मला वाटायचं, लोखंडाला कसं कळतं की आपण काय होणार? ते मला अजूनही कळलेलं नाही.

तिथून मी ट्रकमधून दक्षिणेला आले आणि एका दुकानाच्या काचेत दोन वर्षं धूळ खात उभी राहिले. मग एके दिवशी वाल्देन्सिना गावची हासिंता आली. चौतीस वर्षांची, उन्हानं रापलेली, मेंढपाळाची मुलगी. बापाच्या शेवटच्या मेंढ्या नुकत्याच विकलेल्या होत्या. तिनं माझं पुढचं चाक उचलून फिरवलं, कान लावून ऐकलं आणि म्हणाली, "हीच."

ती मला गावात घेऊन आली तेव्हा अख्खं गाव दारात खुर्च्या टाकून बसलं होतं. संध्याकाळी ऊन उतरलं की तिथे सगळेच तसे बसतात. पहिलंच घर तिबुर्सिओ काकांचं. जन्मभर खेचरं हाकलेला माणूस. त्यांनी मला टायरपासून घंटीपर्यंत न्याहाळलं.

"हासिंता, मेंढ्या विकून हे काय आणलंस गं? मेंढीची निदान लोकर तरी निघते. हिचं काय निघणार?"

"हिला चारा लागत नाही, काका."

"चारा न खाणाऱ्या जनावरावर विश्वास ठेवू नये," काका म्हणाले. काकांच्या शेजारी बसून घेवडा सोलणाऱ्या वेनान्सिया काकू हसल्या आणि मला टेकवायला त्यांनी जागा करून दिली.

त्या घराच्या दाराशी भिंतीला लागून दगडमातीचा एक बुटका ओटा होता, चुन्यानं पांढराशुभ्र रंगवलेला. एका टोकाला काका बसत, दुसऱ्या टोकाला काकू. हासिंताचं घर समोरच, पण तिच्या दाराशी मला ठेवायला जागा नव्हती. त्यामुळे काकूंच्या टोकाला टेकून उभं राहायचं, ही माझी कायमची जागा झाली. माझं डावं पायडल नेमकं ओट्याच्या त्या टोकाला घासायचं.

मित्रांनो, नंतरची वर्षं सुखाची होती. गावाबाहेर मेंढरांचा राजरस्ता लागतो. राजरस्ता म्हणजे डांबरी रस्ता नव्हे. नव्वद वार रुंद गवताचा पट्टा, दोन्ही बाजूंना ओकची झाडं. शेकडो वर्षं थंडीत उत्तरेतले कळप ह्याच वाटेनं खाली यायचे. हासिंता मला त्या वाटेवरून कुठे कुठे नेई! रोमन लोकांच्या तीन कमानींच्या पुलावर, करकोच्यांनी घरटी बांधलेल्या पडक्या बुरुजापाशी, आणि चार उभ्या दगडांवर एक आडवा दगड ठेवलेल्या त्या थडग्यापाशी, ज्याच्या आत पावसात मेंढपाळ भाकरी खायचे.

पुलाच्या फरशीवर गाड्यांच्या चाकांनी खोल चरे पाडले आहेत. पहिल्यांदा माझं चाक त्या चऱ्यात गेलं तेव्हा मी शहारले. दोन हजार वर्षांपूर्वी माझ्याच जातीचं कुणीतरी इथून गेलं होतं. त्या गाडीत काय भरलं होतं? धान्य? तेल? कुणाची नवरी? अजूनही तो पूल आला की मी चऱ्यावर भार देऊन चालते. वाटतं, एखादी तरी खबर मिळेल.

पुलाच्या थोडं अलीकडे, वाटेच्या काठावर एक चौकोनी खड्डा होता. माझं पुढचं चाक दर वेळी त्यात आपटायचं.

"मेल्या खड्ड्या, परत तूच!" हासिंता ओरडायची.

आपटून आपटून मला त्याचं माप पाठ झालं होतं. रुंदी एक वीत आणि चार बोटं. कडा सरळ. पाण्यानं असे खड्डे पडत नाहीत, हे मला कळत होतं. मग कुणी खणला? कशासाठी?

हासिंता हळूहळू पाहुण्यांना त्या वाटेनं नेऊ लागली. आधी माद्रिदचे लोक आले, मग जर्मनीचे. तिनं आणखी सहा सायकली घेतल्या, पण स्वतः मात्र माझ्यावरच बसायची. लोक पुलाचे फोटो काढायचे, थडग्यात वाकून बघायचे, दुपारी गावात येऊन लसूण घालून परतलेला पावाचा चुरा आणि सॉसेज खायचे. कुणी हासिंताला चांगल्या नोकरीबद्दल विचारलं की ती म्हणायची, "माझी कचेरी नव्वद वार रुंद आहे. तेवढी मोठी कुणाची आहे?"

ह्याच काळात वेनान्सिया काकू गेल्या. त्यानंतर ओट्याचं ते टोक रिकामं राहू लागलं. गल्लीतल्या कुणी तिथे बसायला पाहिलं की काका म्हणायचे, "तिथे नको, तिथे सायकल असते." मी पाहुण्यांबरोबर रानात असले तरी असंच म्हणायचे.

आणि मग वाटेवर फाटक आलं.

राजरस्त्याच्या कडेची सगळी जमीन शहरातल्या एका शिकारशौकिनानं घेतली होती. त्याचा कारभारी डॉन लेआंद्रो. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. त्यानं रस्त्यावर तारेचं कुंपण घालून लोखंडी फाटक बसवलं आणि बाजूला एक माणूस आडवा होऊन जाईल एवढीच फट ठेवली.

"पायी जाणाऱ्यांना कोण अडवतंय?" तो म्हणाला. "आणि मे महिन्यात देवळाच्या जत्रेला मी स्वतः फाटक उघडून देईन. माझा शब्द."

"रस्ता आमचा आणि परवानगी तुमची?" हासिंता भडकली.

"राजरस्ता आहे, मान्य. पण तो इथून नाही, पलीकडून जातो. नकाशा बघा."

पलीकडे खोल घळ होती. तिथून मेंढरू सोडा, शेळीसुद्धा गेली नसती. पण सरकारी वहीत एवढंच लिहिलं होतं की दोन खुणेच्या दगडांच्या मधला नव्वद वारांचा पट्टा राजाचा, आणि दोन्ही दगडांवर मुकुट कोरलेला आहे. एक दगड ओकच्या झाडाखाली उभा होता. दुसरा कुठे होता, कुणालाच माहीत नव्हतं. एकाच दगडावरून रस्ता उजवीकडे मोजायचा की डावीकडे? उजवीकडे मोजला तर हासिंताची वाट, डावीकडे मोजला तर घळ.

सायकली नेण्याचा तिचा धंदा बसला. त्या हिवाळ्यात आम्ही दोघींनी दर रविवारी तो दगड शोधला. झुडपांत, ओढ्यात, मेंढवाड्यांच्या पडक्या भिंतींत. संध्याकाळी ती मला ओट्याला टेकवायची आणि म्हणायची, "काका, आजही नाही."

"मिळेल, पोरी," काका म्हणायचे आणि बुटांकडे बघायचे.

मित्रांनो, एका दुपारी सगळं गाव झोपलेलं असताना काका माझं पंक्चर काढत बसले होते. ट्यूब पाण्यात बुडवता बुडवता ते एकदम थांबले.

"तुला सांगतो. तू कुणाला सांगणार नाहीस." त्यांनी ओट्याच्या त्या टोकावर हात ठेवला. "हाच तो."

मी चौदा वर्षांचा होतो, ते म्हणाले. भुकेची वर्षं होती. बापानं घर बांधायला घेतलं होतं आणि चांगला घडीव दगड कुठून आणायचा? म्हणाला, रानात राजाचा एक दगड उभा आहे, राजा काही बघायला येत नाही. खेचरावर घालून मीच आणला. मुकुट ओट्याच्या टोकाकडे ठेवला आणि वरून चुना फासला.

"बाप गेला. मग वेनान्सिया आली. नेमकी तिथेच बसायला लागली. त्रेपन्न वर्षं बसली." त्यांनी ट्यूब पाण्याबाहेर काढली, परत बुडवली. "आता कसा काढू गं?"

  त्या ठिकाणी माझ्या पायडलनं चुना खरवडून एक टोकदार रेघ उघडी पडली होती. ती काय आहे ह्याचा मी किती वर्षं विचार करत होते! आणि त्या टोकाची रुंदी? एक वीत, चार बोटं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसं झालं. खड्डाही मलाच ठाऊक, दगडही मलाच ठाऊक, आणि हासिंता माझ्यावरच बसून रान पालथं घालत होती. माझ्याकडे घंटी होती, पण घंटीनं एवढं सगळं कसं सांगणार?

एप्रिलमध्ये सरकारी मोजणीदार आल्या. इन्मा त्यांचं नाव. तिवईवर दुर्बीण लावून त्यांनी दोन दिवस मोजलं. तिसऱ्या दिवशी सकाळी चौकात सगळ्यांना विचारलं, "गावात कुणाकडे जुना कोरीव दगड आहे का?"

अळीमिळी गुपचिळी! मित्रांनो, ह्या गावची गंमत ऐका. तिथे प्रत्येकाच्या घरात एक जुना दगड आहे. एलादिओची डुकरं रोमन शवपेटीतून पाणी पितात. फुएन्सांताच्या कोंबड्यांचं छप्पर संगमरवरी खांबावर उभं आहे. कुणाच्या उंबऱ्यावर अरबी अक्षरं, तर कुणाच्या चुलीत लॅटिन. रानात दगड दिसला की घरी आणायचा, ही त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. आता चोराच्या मनात चांदणं. सरकार आपलं दार आणि गोठा उचलून नेणार, असं प्रत्येकाला वाटलं.

"दगड? आमच्याकडे?" एलादिओ म्हणाला. "आमची जमीन अगदी मऊ आहे, बाई."

फुएन्सांतानं चौकालगतच्या आपल्या खांबापुढे घागरा पसरून ठाण मांडलं होतं. काका खाली बघत होते.

इन्माबाईंनी घड्याळ पाहिलं. "मी दोन वाजता कागद बंद करते. खूण नाही मिळाली, तर डॉन लेआंद्रोंचा नकाशा मान्य करावा लागेल."

हासिंता मला घेऊन ओट्याकडे आली. मला टेकवलं आणि काकांशेजारी उभी राहिली.

"संपलं, काका. माद्रिदला बहिणीला फोन केलाय. तिच्या इमारतीत साफसफाईचं काम आहे. इतर सायकली विकेन, ही तुम्ही ठेवा. हिला टेकायला दुसरी जागा ठाऊक नाही." असं म्हणून ती वळली. तिनं माझ्याकडे मागे वळूनही पाहिलं नाही, आणि मला फार वाईट वाटलं.

 काका उठून आत गेले आणि पहार घेऊन आले. मला अलगद उचलून समोरच्या भिंतीला लावलं, आणि ब्याऐंशी वर्षांच्या त्या माणसानं आपलाच ओटा फोडायला सुरुवात केली.

आवाजानं गाव गोळा झालं. "काका, वेड लागलं का?" एलादिओनं विचारलं.

"लागलं होतं. चौदा वर्षांचा असताना. आज उतरतंय. बघत काय उभा राहिलास, धर!"

तिघांनी मिळून दगड सुटा केला. काकांनी पहारीनं त्या टोकाचा चुना ठोकून पाडला. आतून मुकुट बाहेर आला. 

"बापानं सांगितलं आणि मी आणला," काका सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "हिवाळाभर पोर शोधत होती आणि मी रोज म्हणत होतो, मिळेल. शरम वाटते मला."

हासिंता पुढे आली. "काका, ज्या दगडाला सायकल टेकवून मी रोज रात्री घरी जात होते, तोच दगड मी दिवसभर शोधत होते? आणि तुम्ही बघत होतात?"

"बघत होतो. ती इथे बसायची, पोरी."

 हासिंतानं वाकून दगडाची एक बाजू धरली.

इन्माबाई म्हणाल्या, "दारातला दगड हा दारातला दगड, काका. तो जागेवर बसतो का, ते मला बघायला हवं. आणि तुम्हा सर्वांना सांगते, मी रस्ते मोजते. तुमची डुकरं कशातून पाणी पितात, ते मला कुणी विचारलेलं नाही."

फुएन्सांतानं मुठीत धरलेला घागरा सोडला.

ट्रॅक्टरवरून दगड फाटकापर्यंत आला. तिथे डॉन लेआंद्रो उभाच होता. "ट्रॅक्टर आत नाही जाणार," तो हसून म्हणाला. "पायी जा ना, कोण अडवतंय?" पुढे तीनशे पावलं. दगड एका जाडजूड माणसाएवढा जड. गावात तीन हातगाड्या होत्या आणि तिन्हींची चाकं बसलेली होती. एक वाजून गेला होता.

"तिला आणा," काका म्हणाले.

तिला म्हणजे मला. हासिंता मला पळवत घेऊन आली. काकांनी माझं सीट अगदी खाली केलं, घोंगडी अंथरली, दगड माझ्या आडव्या नळीवर लांबलचक झोपवला आणि दोरानं आवळला. खेचरवाल्याची गाठ ती, एक बोटही हलली नाही. "जनावर तेच," ते पुटपुटले, "चारा खात नाही एवढंच." पुढे-मागे दोन माणसं, तिरकं केलेलं हँडल काकांच्या हातात, आणि मी अंग चोरून त्या फटीतून आत गेले.

मित्रांनो, मी उतारावरून उड्या मारल्या आहेत, पण त्या तीनशे पावलांएवढी कधी घाबरले नाही. ओढ्यात उतरताना माझी नळी कण्हली आणि वाकली. मागच्या चाकाच्या तारा एकामागून एक तुटल्या. तरी मनात भीतीपेक्षा कुतूहल जास्त होतं. माप माझं होतं. चुकलं असेल तर? मी काही मोजणीदार नाही, मी सायकल आहे.

काकांनी दाखवलेल्या त्याच चौकोनी खड्ड्यातली माती काढली. दगड उभा करून आत सोडला. तो चार बोटं गेला आणि अडकला.

"नाही बसत," डॉन लेआंद्रो म्हणाला. "दुसरा कुठला तरी असेल."

एक वाजून चाळीस. हासिंतानं डोळे मिटले. काका गुडघ्यावर बसले, दगडाच्या अंगावरून हात फिरवला आणि थांबले.

"चुना," ते म्हणाले. "दर मे महिन्यात, जत्रेच्या आधी, एक हात द्यायची ती. त्रेपन्न हात आहेत ह्याच्यावर. त्यानं फुगलाय तो."

त्यांनी खिशातला चाकू काढला. कुणी मदतीला पुढे झालं तर हात आडवा करून थांबवलं. एकट्यानं खरवडलं. पापुद्र्यावर पापुद्रा निघत होता, काही पिवळट, काही निळसर झाक असलेले, जशी त्या वर्षी नीळ पडली असेल तसे. प्रत्येक पापुद्रा ते रुमालात ठेवत होते. डोळ्यांतलं पाणी दाढीत उतरत होतं आणि ते पुसत नव्हते. इन्माबाईंनी घड्याळ खिशात टाकलं.

मग काका उठले आणि म्हणाले, "आता सोडा."

दगड खाली गेला. मातीतून फक्त एक श्वास सोडल्यासारखा आवाज आला. बाजूनं नखही जाईना. इन्माबाईंनी दुर्बिणीतून ओकच्या झाडाकडे पाहिलं, फीत लावली, आणि वहीत आकडा लिहिला. नव्वद वार, उजवीकडे. डॉन लेआंद्रोनं शर्टाची बाही सारखी केली आणि तो निघून गेला. आठवड्यात फाटक निघालं. हासिंतानं बहिणीला फोन करून सांगितलं, तुझी इमारत तूच झाड.

माझी वाकलेली नळी सरळ होईना. डोंगर मला आता झेपत नाहीत. कुणीतरी म्हणालं भंगारात द्या, पण काकांनी मला मागून घेतलं. रोज संध्याकाळी माझं हँडल धरून, माझ्या आधारानं ते राजरस्त्यावर येतात. हँडलला एक बुटकी खुर्ची अडकवलेली असते, दगडापाशी बसायला. इतकी वर्षं मी ही वाट जोरात धावून पार केली. आता पावलापावलानं बघते, आणि काय काय राहून गेलं होतं म्हणून सांगू!

माझं एक सांगणं आहे, मित्रांनो. जुन्या चाकाला महिन्यातून एकदा तेल द्या. रानातला दगड रानात असू द्या. घरी आणला असेल, तर परत नेऊन ठेवायला लाजू नका. कितीही उशीर झाला तरी वजन धरायला चार हात पुढे येतात, हे मी पाहिलं आहे.

आणि कधी ह्या वाटेला आलात, तर पुलाच्या अलीकडे खुणेचा एक दगड दिसेल, मुकुट तेवढा सोडून बाकी पांढराशुभ्र. सरकारी खुणेला चुना फासायचा नसतो, हे काकांना माहीत आहे. इन्माबाईंनाही माहीत आहे. मे महिना आला, जत्रा जवळ आली, की काका बादली आणि कुंचला घेऊन निघतात आणि एक हात देतात. तुम्ही तो खरवडू नका.